पिवळ्या पट्ट्याची माशी

३ सप्टेंबर

मास्तर,

तुला पत्र लिहायची मला काडीची हौस नाही. पण तुमच्या घरात फोन नाही, कारण तुला फोन हलका वाटतो, आणि माझ्या ओळखीत किड्यामुंग्यांची पुस्तकं वाचणारा तू एकटाच. चाळीस वर्षं लोकांच्या पोरांना विज्ञान शिकवलंस. आता मामेभाऊ म्हणून एकदा माझ्या उपयोगी पड.

सोबत फोटो आहे. नीट बघ. त्यावर चहाचा कप ठेवू नकोस.

ही माशी माझ्या कँटीनच्या मागच्या अंगणातली आहे. कँटीन म्हणजे बस डेपोचं, जिथे एकोणीस वर्षं मी ड्रायव्हर-कंडक्टरांना चहा, पाव, अंडी नि बटाट्याची भाजी खाऊ घालते आणि तू एकदाही पाय ठेवला नाहीस. मागच्या भिंतीला लागून एक प्लॅस्टिकचं पिंप आहे. कचऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदा येते, म्हणजे येते असं म्हणतात. म्हणून सालं, देठं, उरलंसुरलं मी पिंपात टाकते आणि वर सुताराकडचा भुसा. दोन महिन्यांपूर्वी त्यात अळ्या झाल्या, चपट्या, करड्या, बोटाच्या पेराएवढ्या. मग ही माशी दिसायला लागली. काळी, लांबट, बघितली की गांधीलमाशीच वाटते. पायांचे पंजे मात्र पांढरे.

परवा आरोग्य खात्याचा साहेब आला. हा गाडीतून उतरतो तोच नाकावर रुमाल धरून, म्हणून आम्ही त्याला रुमालच म्हणतो. काठीने पिंपाचं झाकण उचललं आणि बाईमाणसासारखा किंचाळला. बाईमाणसासारखा तरी कसं म्हणू, आम्ही चौघी तिथे उभ्या होतो, आमच्यातली एकही किंचाळली नाही. मग नोटीस काढली. ही माशी कोणती, तिच्यापासून खाणाऱ्याला अपाय आहे की नाही, ह्याचा जाणकार संस्थेच्या सहीचा कागद तीस तारखेपर्यंत आणायचा, नाहीतर कँटीनला सील. मी म्हटलं, कशाला एवढं, पिंप आत्ता उलथून टाकते. तर म्हणे, "आता हात लावायचा नाही, तो पुरावा आहे." मी वाद घातला तर म्हणाला, "बाई, तुमचं शिक्षण किती?" चौथी, म्हटलं. तर मान हलवून हसला. त्या हसण्यासाठी त्याला भट्टीत घातला असता.

फोटो तिकीट खिडकीवरच्या बाईने काढला आणि समोरच्या दुकानातून छापून आणला. माशी एका जागी राहीना. शेवटी लहानपणी चतुर धरायला तू शिकवलेली युक्ती केली, तेव्हा कुठे टिकली. तिकीटवालीने मोबाइललाही विचारून बघितलं. मोबाइलने सात नावं सांगितली, त्यात एक भुंगा होता.

तर सांग, ही कोण? आणि कागद कुठून मिळतो? पाल्हाळ लावू नकोस. सत्तावीस दिवस आहेत.

ठिणगी


८ सप्टेंबर

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्याला ना शेंडा ना बुडखा, तरी आशय कळला.

पहिली गोष्ट, ही गांधीलमाशी नाही. गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच जोडी. हे मी सहावीच्या मुलांना शिकवत असे. तू चौथीत शाळा सोडलीस म्हणून तुझं हुकलं.

पांढऱ्या पंजांचं म्हणशील तर ते पीठ आहे. तुझ्या कँटीनमध्ये जमिनीवर पीठ सांडलेलं असणार आणि माश्या त्यात फिरत असणार. एखादी धुऊन बघ, खात्री होईल.

आता महत्त्वाचं. ह्या माशीच्या अंगावर अशी एक खूण आहे, जी माझ्याकडच्या कुठल्याच पुस्तकात नाही. खूण कोणती ते मी लिहीत नाही. तुझ्या तोंडी तीळ भिजत नाही. तू चार बायकांना सांगशील, त्या चाळीस बसवाल्यांना सांगतील, आणि उद्या भलताच कोणी हा शोध आपल्या नावावर करेल. फोटोतली तीच माशी, जशी आहे तशी, काडेपेटीत घालून पाठव. काही काढायचं नाही, काही पुसायचं नाही. ती काय खाते, कुठे बसते, हेही लिहून कळव. जमेल तेवढं.

संस्थेचा कागद मी मिळवतो. तिथे माझं वजन आहे.

तुझा दादा

(ठिणगे, हे ते सांगतात नि मी लिहिते. "चौथीत शाळा सोडलीस" हे मी लिहिणार नाही म्हटलं, तर म्हणे लिही. आणि तू त्या पिंपातलं पुन्हा एवढं सविस्तर लिहू नकोस. मी जेवता जेवता वाचून दाखवत होते. — वहिनी)


१२ सप्टेंबर

मास्तर,

तुला आता पेन धरायलाही माणूस लागतो का? निवृत्त झालास की राजा झालास? वहिनी, तू लिहून दमत असशील तर एक दिवस पेन टेबलावर ठेव आणि दुसऱ्या खोलीत जा. बघू राजा काय करतो.

माशी धुतली. चहाच्या गाळणीत धरून नळाखाली धुतली. पंजे पांढरेच. आमची म्हातारी, सत्तरीची, जी दिवसभर कांदा कापते आणि एरवी हसत नाही, ती पोट धरून हसली. म्हणाली, "भावाला विचारून घे, साबण लावायचा का?" आणि माझ्या जमिनीवर पीठ नसतं. ये आणि चाटून बघ.

बघितलं ते लिहिते. ही माशी काही खातच नाही. रोज बघतेय. अंड्यावर बसत नाही, साखरेवर बसत नाही, खरकट्या ताटावरही नाही. पिंपाच्या झाकणावर नाहीतर भिंतीवर उन्हात बसून असते. हातात धरली तर चावत नाही, डसत नाही. कंबरेशी दोन बारक्या काचा बसवल्यासारखं आहे, उजेडाकडे धरली की आरपार दिसतं. आणि हे नीट वाच, कारण मला हेच मोठं वाटतं: ह्या आल्यापासून घरमाश्या कमी झाल्या. आधी पावाच्या टोपलीपाशी एक बाई नुसती फडका हलवत उभी ठेवावी लागायची. आता तीच बाई भांडी घासते. पिंपाचा वासही गेला. सालं टाकली की दोन-तीन दिवसांत तळाला काळं, भुरभुरीत उरतं, कॉफीच्या चोथ्यासारखं. तिकीटवाली ते तिच्या कुंड्यांना घालते.

काडेपेटी सोबत आहे. फोटोतली माशी बरणीत मेली. जशी आहे तशी पाठव म्हणालास म्हणून मी काही सोडलं नाही की काढलं नाही. तुला ती तशीच का हवी, तुझं तुलाच ठाऊक.

खूण सांगत नाहीस ते बरंय. लहानपणी साखरेच्या गोळ्या कुठे लपवल्यास ते पण सांगितलं नव्हतंस. शेवटी मुंग्यांनी खाल्ल्या.

अठरा दिवस राहिले.

ठिणगी


१६ सप्टेंबर

चि. ठिणगीस आशीर्वाद.

पेटी मिळाली. भिंगाखाली पाहिली. खूण फोटोपेक्षाही ठसठशीत आहे. आता माझ्या मनात शंका उरलेली नाही. ही माशी जगात अजून कुणी नोंदवलेली नाही. पेटी लाखेने बंद करून कीटकांच्या संस्थेतल्या प्रमुख बाईंकडे कालच्या टपालाने पाठवली, सोबत माझा सहा पानी लेख. तू कळवलेल्या गोष्टी मी शास्त्रीय भाषेत मांडून त्यात घेतल्या आहेत. तुझा उल्लेख केलेला नाही. कँटीनवालीचं नाव आलं की लेखाचं वजन कमी होतं.

नव्या माशीला शोधणाऱ्याचं नाव देता येतं, हे तुला माहीत नसेल. चाळीस वर्षं मी शिकवलं, ठिणगे. माझं नाव शाळेत एकाच ठिकाणी कोरलेलं आहे, शेवटच्या बाकावर, आणि त्याच्यापुढे शिवी आहे. हे नाव मात्र पुस्तकात राहील.

तू दिवस मोजून मला घाबरवतेस. विज्ञानापुढे एका कँटीनचं बंद होणं ही किरकोळ बाब आहे. उत्तर येईपर्यंत पिंपाला हात लावू नकोस आणि त्या रुमालाला काही बोलू नकोस. जगात दुसरीकडे कुठेही नसलेली माशी तुझ्या उकळत्या पाण्याने मेली, तर ते पाप तुझ्या माथी.

तुझा दादा

(सहा पानं मी लिहिली, तीन वेळा, बोटाला घट्टा पडला. पेटीतलं मी बघितलेलं नाही, मला किळस येते. भिंग उलटं धरलंय म्हणून सांगायला गेले तर अंगावर आले. — वहिनी)


१९ सप्टेंबर

मास्तर,

किरकोळ बाब तुला नमस्कार सांगते.

किरकोळ बाब म्हणजे आम्ही चौघी. म्हातारीला दोन्ही गुडघ्यांत वात आहे. तिला बसून कांदा कापू देणारी जागा ह्या अख्ख्या गावात एकच, ती माझी. भांडी घासणारीला लेकीचं बाळंतपण काढायचंय. तिसरीचं तर मी सांगतच नाही, तिला घरी बसवलं तर नवरा तिला घरात बसू देणार नाही. आणि मी. माझा नवरा गेला तेव्हा पाचव्या दिवशी मी ह्या भट्टीपुढे उभी राहिले, कारण दुसरीकडे उभं राहायला जागा नव्हती. आता एकोणपन्नासाव्या वर्षी मला कोण नवी भट्टी देतंय? तुझ्या शिवीवाल्या बाकावर येऊन बसू का?

काल रुमाल पुन्हा आला.

"बाई, कागद?"

"येतोय."

"कुणाकडून?"

"संस्थेकडून. माझा भाऊ मिळवतोय. मास्तर आहे तो."

"कसा आहे?"

"शहाणा आहे."

"मग कठीण आहे," म्हणाला, आणि दाराची कडी मोजून गेला. सील किती लांबीचं लागेल ते बघत होता. ह्या माणसाशी माझं कधी पटणार नाही, पण हे वाक्य मात्र त्याच्या तोंडून पहिल्यांदा शहाणपणाचं निघालं.

माशी नवी असो की जुनी. तिला तुझं नाव दे, तुझ्या सासऱ्याचं दे, मला त्यात रस नाही. संस्थेचं उत्तर आलं की त्याच दिवशी, त्याच पावली टपालात टाक. अकरा दिवस.

ठिणगी


२२ सप्टेंबर

मास्तर,

आठ दिवस राहिले. टपालवाला आता मला लांबूनच बघून मान हलवतो. जिवंत असशील तर लिही. नसशील तर वहिनीला लिहायला सांग, तसंही तीच लिहिते.

ठिणगी


२५ सप्टेंबर

ठिणगे,

हे पत्र मी माझ्या मनाने लिहितेय, कुणी सांगत नाहीय.

आज तुझं कार्ड त्यांना वाचून दाखवलं. "तसंही तीच लिहिते" इथपर्यंत आले आणि मला काय झालं कुणास ठाऊक. उठले नि ट्रंक उघडली.

संस्थेचं उत्तर बावीस तारखेलाच आलं. मीच वाचून दाखवलं. ऐकून त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, घडी घातली. मग म्हणाले, ट्रंकेत ठेव आणि लक्षात ठेव, काही आलेलं नाही. मी म्हटलं, अहो, ठिणगीचं काय? म्हणाले, मी दुसऱ्या जाणकारांना लिहितो. कुठेही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मला कळलंच असतं, लिहिणारी मीच.

पत्र सोबत ठेवलंय. बाईंचं अक्षर बारीक आहे, म्हणून सांगते. ही माशी नवी नाही. पृथ्वीच्या पाठीवर जिथे ऊन आणि कुजका भाजीपाला आहे, तिथे ती आहे. ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणतात तिला, काळी शिपाई माशी. चावत नाही, डसत नाही. मोठी झाली की जवळजवळ काही खात नाही, म्हणून अन्नावर येत नाही. तिच्या अळ्या कचरा खाऊन संपवतात आणि घरमाश्यांना तिथे वाढू देत नाहीत. कंबरेच्या काचा आणि पांढरे पंजे हीच तिची ओळख. "आपली निरीक्षणं फार बारीक आहेत, त्याबद्दल अभिनंदन," असंही लिहिलंय. ती निरीक्षणं कुणाची ते मला माहीत आहे. मी तीन वेळा लिहिलीत.

आणि शेवटी असं आहे: "ज्या पिवळ्या पट्ट्याला आपण नवी खूण म्हटलं आहे आणि ज्याच्यावर आपल्या लेखातली चार पानं आहेत, तो सुती दोरा आहे. गाठ पोटाच्या बाजूला आहे. दोरा परत पाठवत आहे."

खरंच पाकिटात होता, ठिणगे. बोटभर दोरा, कागदाला चिकटवलेला.

आणखी एक, जे सांगायचं नाही अशी मला शपथ आहे. त्यांना दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दीड वर्ष झालं. ऑपरेशनला भितात आणि भितो म्हणून सांगायलाही भितात. जिना पायऱ्या मोजून उतरतात. वर्तमानपत्र रोज हातात धरून बसतात, पानं उलटतात. मी कधी कधी मुद्दाम उलटं देते. त्यांना कळत नाही. मला मग स्वतःचीच चीड येते.

शपथ मोडली. मोडू दे. बरीच जुनी झाली होती.

वहिनी


२८ सप्टेंबर, सकाळी

मास्तर,

हे पत्र टपालाने आलेलं नाही. आणणारा माणूस आमचा ड्रायव्हर आहे. त्याला पत्रं नेणं मना आहे, एकोणीस वर्षांत मी त्याला कधी सांगितलं नाही, आज सांगितलं. तो तुमच्या स्टँडवर दोन तास थांबतो. उत्तर त्याच्याच हाती द्यायचं. वहिनी, हे सगळं मोठ्याने वाच, मधलं गाळू नकोस.

तो दोरा आहे, अडाण्या. पिठाच्या पोत्याच्या तोंडाला पिवळी शिवण असते ना, तिच्यातला. माशी फोटोला बसेना, म्हणून मी तिच्या कंबरेला बांधला आणि दुसरं टोक पिंपाच्या कडीला अडकवलं. फोटो झाला, टोक कापलं, माशी बरणीत. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायला मला शिकवलं कुणी? तू. दोन वेढे आणि मग गाठ, म्हणजे सुटत नाही आणि किडा मरत नाही, असं शिकवणारा कोण? तू. तुझीच गाठ भिंगाखाली घेऊन बसलास आणि चार पानं लिहिलीस.

पट्टा म्हणून एक शब्द मला लिहिला असतास, तर मी तुला उलट टपाली सांगितलं असतं की दोरा आहे. पण माझ्या तोंडी तीळ भिजत नाही ना. बघ, कुणाच्या तोंडी काय भिजलं नि काय कुजलं.

पण दोऱ्यासाठी मी एवढी चिडलेली नाही. चूक होते. मी एकदा चहात मीठ घालून चाळीस माणसांना पाजलंय. माझा कागद तू ट्रंकेत ठेवलास. तीन दिवस. तुला कोणी हसू नये म्हणून आम्ही चौघींनी रस्त्यावर यायचं. खोटं मीही बोलते, मास्तर. रुमालाला रोज एक सांगते. पण मी पोटासाठी बोलते. तू कशासाठी बोललास? माशीच्या कंबरेसाठी?

काल रुमालाला संस्थेचं पत्र दाखवलं. वाचलं. दोऱ्यापाशी आला आणि हसायला लागला ते थांबेचना, नाकावरचा रुमाल खाली पडला. त्याला नाक आहे हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. मग एकदम साहेब झाला. म्हणाला, "बाई, हे पत्र तुमच्या नावाने नाही. ज्याच्या नावाने आहे तो दोऱ्याला पट्टा समजतो. अशा माणसाने पाठवलेली माशी तुमच्याच पिंपातली, हे मी कशावरून धरू? त्याच्याकडून लिहून आणा. माशी कुठली, दोरा कुणी बांधला, आणि त्याला तो का कळला नाही. तीस तारखेला दहा वाजता मी येणार."

माणूस टाकाऊ आहे, प्रश्न टाकाऊ नाही.

तर लिही. का कळला नाही, ह्याचं खरं उत्तर एकच आहे आणि ते मला ठाऊक आहे. वहिनीवर ओरडायचं नाही. तिने सांगितलं नसतं तर मी तुला जन्मभर नुसता घमेंडखोर समजले असते. घमेंडखोर तू आहेसच, पण नुसता नाहीस. पेन धरायला माणूस लागतो का असं मी लिहिलं होतं. ते मी मागे घेत नाही. तू सांगितलं नव्हतंस, मला कुठून कळणार?

कागद तुझ्या अक्षरात हवा. वहिनीच्या नको. वेडावाकडा चालेल. उलट, वेडावाकडाच हवा.

ड्रायव्हरला चहा दे.

ठिणगी


२८ सप्टेंबर, दुपारी

ठिणगे,

मी स्वतः लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. कागदाखाली पट्टी धरून चालतोय, पट्टी संपली की थांबतो.

ड्रायव्हर दारात उभा आहे, तिसरा चहा घेतोय. तुझ्यापेक्षा चांगला झालाय म्हणाला. हे तुला सांगायला त्याने मना केलं आहे.

पत्र ट्रंकेत का ठेवलं? मला वाटलं, तीस तारीख निघून जाईल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. तू धट्टीकट्टी आहेस, तुला दुसरीकडे काम मिळेल, असंही मनाला सांगून ठेवलं. म्हातारीचा विचार केला नाही. खरं म्हणजे केला, आणि मग सोडून दिला.

गाठ माझी आहे हे वाचताना तुझी वहिनी वाचायची थांबली. मला वाटलं रडते. हसत होती. तिला असं हसताना ऐकून बरेच दिवस झाले होते.

साहेबाचा कागद खाली आहे. तेवढाच फाडून दे.

दादा

"मी, निवृत्त विज्ञान शिक्षक, लिहून देतो की संस्थेकडे पाठवलेली माशी माझ्या आतेबहिणीच्या बस डेपोतल्या कँटीनच्या अंगणातली आहे. तिने ती मला काडेपेटीतून जशीच्या तशी पाठवली. कंबरेचा दोरा माशी फोटोसाठी एका जागी राहावी म्हणून तिने बांधला होता. मला तो पट्टा वाटला, कारण मला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत नाही, आणि ही गोष्ट मी दीड वर्ष लपवली आहे. लेखात ह्या माशीविषयी जे जे खरं आहे, ते सगळं माझ्या बहिणीने पाहिलेलं आहे. जे खोटं आहे तेवढं माझं. बहिणीचं शिक्षण चौथी."


६ ऑक्टोबर

मास्तर,

रुमाल तीस तारखेला दहाला येणार होता, पावणेअकराला आला. सीलची पट्टी, लाख, मेणबत्ती, सगळं घेऊन. दोन शिपाई. मी कागद हातात दिला आणि भट्टीकडे वळले. त्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं.

वाचायला त्याला वेळ लागला. तुझं अक्षर म्हणजे झुरळाचे पाय शाईत बुडवून सोडल्यासारखं. शेवटच्या ओळीशी बराच थांबला. पुन्हा वाचली. मग कागद घडी करून फाइलमध्ये घातला, नोटिशीवर आडवी रेघ मारली, खाली सही केली. जाताना म्हणाला, "पिंपाचं झाकण लावून ठेवत जा." मी म्हटलं, लावलेलंच असतं, उघडलं तुम्ही. तर चहा मागितला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. दिला. साखर कमी घातली.

म्हातारी दोन दिवस कांदा कापताना रडली आणि म्हणाली कांद्यामुळे.

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. ट्रंकेतले ते तीन दिवस माझ्याकडे राहतील. पुढच्या वेळी तू शहाणपणा करायला लागलास की काढून दाखवीन.

ऑपरेशनची तारीख घे. घेऊन कळव. मी चार दिवस येणार आहे, भट्टी म्हातारी सांभाळेल. वहिनीने दीड वर्ष तुझ्यासाठी वाचलंय, लिहिलंय, पायऱ्या मोजल्यात, तिला चार दिवस झोपू दे. तुझ्याजवळ मी बसेन. बोलणार नाही फार. तू बोललास तर मात्र बोलेन. पट्टी सुटली की डोळ्यांपुढे धरायला एक काडेपेटी आणतेय. त्यातलीला दोरा नसेल.

आणि तुझं ते नावाचं काम झालं. तुझी पत्रं मी तिघींना वाचून दाखवली, शिवीवाल्या बाकासकट. तेव्हापासून त्या माशीला इथे कोणी माशी म्हणत नाही. काल भांडी घासणारी मागून ओरडली, "अगं, आज झाकणावर सात मास्तर बसलेत!" भांडी तशीच टाकून गेलो बघायला. खात नाहीत, चावत नाहीत, कामाला हात लावत नाहीत, भिंतीवर उन्हात बसून असतात. आता ड्रायव्हर पण तेच म्हणतात, आणि ड्रायव्हर म्हणतात म्हणजे ज्या ज्या गावाला गाडी जाते तिथपर्यंत तुझं नाव गेलं समज. पुस्तकात यायचं ते येईल नाहीतर न येईल.

ठिणगी
शिक्षण चौथी